रुखवतातला निळा पोपट
"निळा पोपट कुठं असते, चाचा?" बाबा असे ओरडले की निर्मल गावच्या बाजारातल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. ताज्या रंगाचा वास आला की मला अजून चाचांचं ते खेळण्यांचं दुकान आठवतं. ताईच्या रुखवतात मांडायचा लाकडी पोपट चाचांनी निळा रंगवलेला पाहून सासरचे हसतील, याची बाबांना धास्ती होती. दर गुरुवारी दर्ग्यात जिक्राला, अल्लाच्या नामस्मरणाला, बसणारे रंगारी चाचा शांतपणे म्हणाले, "खयालाच्या मुलुखात असते. जे अजून जन्मलं नाही ते पाहाले अल्लानं माणसाले खयाल देला." दुसरा पोपट रंगवायला वेळच नव्हता. लग्नात ताईच्या आजेसासूबाई नेमक्या पोपटापुढं थांबल्या, तेव्हा मांडवातल्या सनईनंसुद्धा श्वास रोखला. "खयालाच्या मुलुखातला हाये," बाबा घाम पुसत बोलले. आजी म्हणाल्या, "आमच्या जैनथ गावालेबी येते कधी कधी."