पंख कापलेला पोपट

मुलांच्या गोष्टीतला पोपट पिंजरा उघडताच उडतो, पण खरा उडेल का, हे तुम्ही कधी तपासलंय? मी नव्हतं तपासलं. हिरवी मिरची चिरली की त्या वासाने वर्तकनगरमधली एक गॅलरी आठवते. सोसायटीतल्या मुलांना मी माझी, पिंजऱ्यातून उडून जाणाऱ्या पोपटाची गोष्ट आवेशाने वाचून दाखवली, आणि दुसऱ्याच दिवशी एका चिमुरडीने त्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात मिरची खाणारा घरचा पोपट सोडला. त्याचे पंख कापलेले होते. तो खालच्या पत्र्यावर पडला आणि कावळ्यांनी त्याला टोचून मारलं. "ताई, तुझ्या गोष्टीतला तर उडालेला ना गं?" ती रडत विचारत होती. आजही मी पिंजऱ्यांविरुद्धच लिहिते. पण मुलांना अशी गोष्ट सांगाल, तेव्हा पोपटाला आधी पंख तपासायला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, हेही सांगा.