कमी आवाजाचा टीव्ही

मला टीव्ही नकोच होता, आणि तो निवडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

आमची वस्ती एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या अलीकडे. वडील तिथे ठेकेदाराकडे कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टवर कामाला. घर एका खोलीचं. आई दिवसभर शिलाई मशीन चालवते. त्या आवाजाला मी नावं ठेवू शकत नाही, कारण माझी फी त्याच मशीनवर निघते. म्हणून बारावीपासून मी वस्तीच्या समाजमंदिरात अभ्यासाला बसतो. तिथे एक पंखा आहे आणि भिंतीला लागून कडप्प्याचा लांब ओटा आहे. संध्याकाळी दहावी-बारावीची काही पोरं-पोरीही यायची. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. पदवी मिळालीच तर ती त्या ओट्यावर बसून मिळणार होती. दुसरीकडे कुठे बसायला जागा नव्हती.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी जाहीर केलं की वर्गणी जमली आहे, समाजमंदिरात टीव्ही घ्यायचा. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. मी कसाबसा उभा राहिलो.

"भाऊ, तिथे आम्ही अभ्यास..."

"अभ्यास घरी करायचा असतो, प्रोफेसर. समाजमंदिर समाजाचं हाय. का तू सातबारा काढलाय तुझ्या नावावर?"

सगळे हसले. माझा एक वर्गमित्रही हसला, ते मी लक्षात ठेवलं.

"आन टीव्ही आनायला तूच चल," भाऊ पुढे म्हणाले. "आमच्यात इंग्लिश वाचनारा दुसरा कोन हाय?"

मी हो म्हणालो ते रागाने. टीव्ही येणारच असेल तर निदान माझ्या सोयीचा आणू, असं वाटलं. दोन-तीन दिवस मी फोनवर टीव्हीची माहिती वाचत होतो. टीव्हीचा आवाज वॉटमध्ये मोजतात. लोक जास्त वॉटचा टीव्ही शोधतात, मी कमीचा शोधत होतो. आणखी एक गोष्ट कळली. काही टीव्हींना मागे इअरफोनचं भोक असतं, आणि त्यात पिन घातली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. ही ओळ मी परत परत वाचली.

नाशिकरोडच्या दुकानात भाऊ, मंडळाचे खजिनदार आणि मी असे तिघे गेलो. खजिनदारांनी पैशाची पिशवी पोटाशी धरली होती. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच धबधबा. सेल्समनने आधी बजेट विचारलं. ऐकल्यावर त्याने आम्हाला पुढच्या रांगेतून काढून जिन्याखालच्या कोपऱ्यात नेलं.

"हा बघा त्रेचाळीस इंची. कंपनी नवीन आहे, पण पॅनल मोठ्या कंपनीचंच." त्याने रिमोटने आवाज वाढवला. शेजारच्या कपाटाची काच थरथरली.

"याला म्हनत्यात टीव्ही!" भाऊ म्हणाले.

मी घाईने विचारलं, "याचं सर्व्हिस सेंटर नाशकात आहे का?"

"मुंबईला आहे. फोन केला की माणूस येतो."

"किती दिवसांत?"

"तुम्ही टीव्ही घ्यायला आलात का बिघडवायला?" सेल्समन म्हणाला. भाऊ मोठ्याने हसले.

खजिनदार मात्र हसले नाहीत. "मुंबईला?" एवढंच म्हणून त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

तेवढ्या आधारावर मी बत्तीस इंचीकडे वळलो. ओळखीची कंपनी, सर्व्हिस सेंटर नाशकात, किंमत जवळपास तेवढीच. "याचा आवाज किती वॉट?"

"सोळा."

"याहून कमीचा नाही?"

सेल्समन माझ्याकडे बघतच राहिला. मी भिंतीला गाल टेकवून टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारला. "इअरफोनचं भोक आहे ना?"

"हॉलमध्ये लावणार म्हणता ना? मग इअरफोन कोणाच्या कानात घालणार, अध्यक्षांच्या?"

"ए, नीट बोल," भाऊ त्याच्यावर खेकसले आणि लगेच माझ्यावर. "आन तू काय भोकं मोजतो रे? बत्तीस इंच! टिकलीएवढा टीव्ही. लोक तोंडात शेन घालतील माझ्या."

पण खजिनदारांनी पिशवी बत्तीस इंचीच्या समोर ठेवली होती. पावती तिथेच झाली. रिक्षात खोकं माझ्या मांडीवर होतं. एकलहरे येईपर्यंत भाऊ रस्त्याकडे तोंड फिरवून बसले. मला त्यांचा तो राग फार आवडला, हे मी खरं सांगतो.

टीव्ही लागला. आमच्या अभ्यासाच्या वेळी कोणी तो लावायला आलं की मी पंख्याच्या बटणाकडे जायच्या निमित्ताने टीव्हीच्या मागे हात घालायचो आणि तुटलेल्या इअरफोनची पिन भोकात खुपसायचो. वायर कापलेली, त्यामुळे बाहेर काही दिसायचं नाही.

"नवाकोरा टीव्ही, न् आवाज जातो कसा?"

"गरम झाला असेल. थोडा वेळ बंद ठेवा."

इंग्रजी वाचणाऱ्यावर विश्वास ठेवणं त्यांना भाग होतं.

मग क्रिकेटचा मोठा सामना आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फिजिक्सचा पेपर होता. भाऊंनी मिरवणुकीचे स्पीकर आणवले आणि ते जोडायला साउंडवाला आला. मी आत राहिलेली पिन काढून घ्यायला उठेपर्यंत तो टीव्हीच्या मागे पोचला होता. त्याने पिन ओढली आणि उजेडात धरली.

"भाऊ, कोनीतरी बूच मारलंय याला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "म्हनून भोक बघत होता व्हय रं तू." मग साउंडवाल्याला, "घाल तुझी वायर. प्रोफेसरनी आपल्यासाठीच निवडलाय टीव्ही."

वायर त्याच भोकात गेली. पहिल्या चेंडूलाच छताचे पत्रे वाजले. ओट्यावरच्या पोरींनी कानांवर हात ठेवले, मग दप्तरं उचलली आणि गेल्या. मी एकाच पानावर होतो, आणि त्या पानावरचं एकही अक्षर मला दिसत नव्हतं.

मी उठलो आणि वायर उपटली. एका टोकाकडून उपटली, दुसऱ्या टोकाकडूनही उपटली, आणि मुठीत गुंडाळून घेतली.

"वायर दे," भाऊ म्हणाले.

"नाही देणार."

"तुझा बाप कधी मान वर करून बोलला नाय माझ्याशी."

मान माझीही वर नव्हती. मी जमिनीकडेच बघत होतो. दोघं-तिघं माझ्याकडे यायला निघाले, तेवढ्यात पडद्यावर कोणाची तरी दांडी उडाली आणि ते तसेच वळले. "कोन गेला? कोन गेला रे?" वायर निघाल्यामुळे टीव्हीचा स्वतःचा बारका आवाज परत आला होता, सोळा वॉटचा. पण त्या ओरड्यात तो कोणाला ऐकू जात नव्हता.

"ए, गप बसा रे!" भाऊ ओरडले. "ऐकू द्या जरा!"

हळूहळू सगळे पुढे सरकून टीव्हीच्या पुढ्यात दाटीने बसले. कोणी बोललं की बाकीचे त्याला शिव्या घालून गप्प करायचे. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो, वायर मांडीखाली घेतली आणि पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने निघून गेलेल्या पोरींपैकी एक परत आली आणि माझ्यापासून लांब बसून वही काढून लिहू लागली.

पेपर बरा गेला. भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि भाऊ बोलत नाहीत म्हणून वस्तीतले बरेच जण बोलत नाहीत. नवीन वायरसाठी पुन्हा वर्गणी काढायची गोष्ट निघते, तेव्हा खजिनदार पिशवी घरी विसरून आलेले असतात. वायर माझ्याकडे आहे. मी अजून त्याच ओट्यावर बसतो.