शोकेसमधला मासा

वडिलांच्या ऑफिसातला गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना एक लाकडी मासा देऊन गेला. तांबडं डोकं, पांढरं अंग, काचेचे डोळे आणि पोटाखाली दोन तिहेरी गळ. दोरीला बांधून उथळ पाण्यातून ओढला की जिताड्यासारखा दांडगा मासा त्याला सावज समजून झडप घालतो म्हणे. वडिलांनी तो प्रभादेवीच्या आमच्या घरात शोकेसमध्ये ठेवला. दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहिलं जायचं. पाणी मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. कारकून आणि कामगार एकच, असं वडील सभेत ठासून सांगत आणि घरी फलक रंगवत. ते न्यायला डिलाईल रोडहून एक तरुण यायचा, गिरणीत नोकरीला, मूळचा मालवणकडचा. सभेत वडिलांचा हात त्याच्या खांद्यावर असायचा. घरी त्याला चहा मिळे तो कान तुटलेल्या कपात. तो कप मीच द्यायचे, आणि द्यायला मला जरा जास्तच वेळ लागायचा. शेवटी त्याने मला मागणी घातली, तेव्हा वडिलांची एकजूट उंबरठ्यातच अडखळली.

सरळ नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून त्यांनी शोकेसकडे बोट दाखवलं. त्या तरुणानेही तसलाच मासा केला होता. गिरणीतली सुताची मोडकी लाकडी बॉबिन तासून तिच्यावर चकाकता पत्रा ठोकला होता, मागे कोंबडीचं पीस.

"तुझ्या त्या लाकडाला माझ्याआधी जिताडा लागला, तर मुलगी तुझी," वडील म्हणाले.

"बघूया," तो म्हणाला.

मुलीला कुणी विचारलं नाही. तिला तर रात्रभर झोप नव्हती.

रविवारी भरती चढताना आम्ही खडकांवर गेलो. वडील धोतर खोचून, पण अंगात कोट घालून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. आईने टोपली, सुरी आणि चार सुटे गळ बरोबर घेतले होते. थोड्याच वेळात वडिलांच्या दोरीला जोराचा हिसका बसला. मासा उसळला आणि सुटला. पुन्हा लागला, पुन्हा सुटला. इथल्या माशांना पारख नाही, असं वडील म्हणाले.

तेव्हा मला आठवलं. शोकेस पुसताना एकदा माझं बोट फाटलं होतं. साहेबाच्या वस्तूचे गळ काढायला वडिलांचा जीव होईना, म्हणून त्यांनीच मला कानस देऊन टोकं बोथट करायला लावली होती. मी ती अगदी मन लावून घासली होती. आता एक शब्द बोलले असते तर आईच्या टोपलीतले गळ लावता आले असते.

मी गप्प बसले. भरतीच्या पुढच्या लाटेबरोबर त्या तरुणाच्या बॉबिनला जिताडा लागला.

घरी वडिलांनी माशाचं डोकं हक्काने आपल्या ताटात घेतलं आणि त्याला आधी दमवला कुणी, हे तीनदा सांगितलं. पण शब्द पाळला.

बॉबिन आज आमच्या शोकेसमध्ये आहे. दसऱ्याला नवरा तिला फूल वाहतो आणि येईल त्याला सांगतो की बायको मी या लाकडावर जिंकली. कानस माझ्या शिवणाच्या डब्यात असते. तिला फूल मी वाहते.