काचेवरचं नाव

थंडीत सकाळी आमच्या नव्या गाडीच्या मागच्या काचेवर दव साचतं आणि त्यात पुसटसं एक नाव उमटतं: सई. आमच्या घरात सई नावाचं कुणी नाही.

चार शोरूम पालथी घातल्यावर ही गाडी मिळाली. सेल्समन म्हणाला, "साहेब, एक बुकिंग कॅन्सल झालंय. गाडी तयार आहे. मागे त्यांच्या मुलीच्या नावाचा स्टिकर आहे, तेवढा काढून देतो. एवढ्या कमीत कुठेच मिळणार नाही."

"का कॅन्सल केलं हो त्यांनी?" बायकोने विचारलं.

त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मॅट तरी फुकट द्या." उत्तर ऐकलं असतं तर पुढे घासाघीस करवली नसती, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मित्रांना मी भाव अगदी अभिमानाने सांगतो. आपल्याला स्वस्त पडलेलं कुणाला किती महाग पडलं असेल, हा विचार मात्र गाडीत एकटा असलो की येतो. मग मी रेडिओ मोठा करतो.

आज सकाळी बायको काच पुसायला फडका घेऊन गाडीमागे गेली. बराच वेळ तिथे उभी राहिली आणि फडका कोरडाच घेऊन परत आली.