मालकाच्या हातची आंबील

आमच्या लातूरकडं येळवसेला माणूस घरी सापडला, तर तो एक तर आजारी असतो नाहीतर चोर. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खं शहर उठून शेतात जेवायला जातं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हात धरून आत ओढतो. एका येळवसेला मी सात शेतांत जेवलो होतो. आठव्यात लोकांनी मला बैलगाडीत घालून नेलं, तरी मी गाडीत पडल्या पडल्या बाजरीचा उंडा मागत होतो.

त्या वर्षी मात्र मला पलंगाखाली लपून बसावंसं वाटत होतं.

मी टीव्ही-फ्रीजच्या दुकानात सेल्समन. साधासुधा नव्हे. ज्याच्या वस्तीवर विजेचा खांब पोचला नव्हता अशा माणसाला मी फ्रीज विकलाय. तो त्यात ज्वारी ठेवतो, उंदीर लागत नाहीत म्हणून अजून मला दुवा देतो. पण त्या साली सोयाबीनला भावच नव्हता. ज्याच्या घरात पोती तशीच पडलीत, त्याला कसला टीव्ही अन् कसलं काय. दिवाळीत मालकानं दारात मांडव घातला, आकाशकंदील टांगले, सनई लावली. आलं कोण? एक गाय. तीसुद्धा झेंडूची माळ खाऊन गेली, फ्रीजकडं बघितलंदेखील नाही. दुकानात असा शुकशुकाट, की भिंतीवरच्या पालीसुद्धा हळू आवाजात बोलायच्या.

दिवाळी सरली आणि मालकाचं नांदेडचं दुकान बंद झालं. तिथला न खपलेला माल आणायला मी टेम्पोत बसून गेलो. तिथला सेल्समन माझ्यासारखाच बोलघेवडा, एरवी आम्ही दोघं भेटलो की तिसऱ्याला बोलायची सोय नसायची. त्या दिवशी त्यानं खोकी उचलायला हात लावला आणि टेम्पोचं फाळकं लागल्यावर घाम पुसत एवढंच म्हणाला, "आता तुमच्याकडं."

परतताना लोहा गाव येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

आता भीतीचं मूळ सांगतो. आमचा मालक मऊ काळजाचा. उपाशी माणसाला कामावरून काढणं पाप, असं तो मानायचा. म्हणून त्यानं एक रीत पाडली होती. येळवसेला सगळ्या नोकरांना शेतावर न्यायचं, आणि ज्याला काढायचं त्याला स्वतःच्या हातानं आंबील वाढायची. आदल्या येळवसेला दुरुस्तीवाल्याला वाढली, त्याच्या आधी वॉचमनला. पेला रिकामा झाला की मालक खांद्यावर हात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणूस दुकानाचा राहायचाच नाही.

मी घरी म्हणालो, मी काही जात नाही. बायको म्हणाली, "जावा की. न्हाई गेलात तर मालक तांब्या घेऊन हितं यील. पोरगी बारावीला हाय, तिच्यासमोर व्हायला नको."

गेलो. दुकानात आता तिघंच उरलो होतो. मी, ड्रायव्हर आणि गोदामवाले मामा. मामा दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनचे. गोदामाच्या चाव्या त्यांच्या करदोड्याला. आंघोळीलाही सोडत नसत म्हणे. ड्रायव्हर टेम्पोसकट मालकाच्या मेहुण्याकडून आलेला, त्याला धक्का लागणार नव्हता. राहिलो आम्ही दोघं.

कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली. चुन्यानं रंगवलेल्या त्या दगडांना मी असा नमस्कार घातला की कपाळाला चुना लागला. पंगत बसली. हिरव्या दाण्यांची भज्जी, उंडे, तिळाची पोळी. आणि मालक तांब्या घेऊन उठला.

मामा कुजबुजले, "आला रं आला. खाली बघ."

"मामा, तुम्ही खोकला काढा."

मामांनी असा खोकला काढला की हरभऱ्यातले पक्षी उठले. मालक तिकडून वळून माझ्याकडं आला. माझ्या छातीत एवढं धडधडायला लागलं की शेजारच्या वावरातल्या बैलानं चघळणं थांबवून वर बघितलं. मी पेल्यावर हात ठेवला.

"मालक, घसा बसलाय."

"आरं, येळवसेला आंबील नको म्हणतात व्हय? हात काढ."

काढला. त्यानं काठोकाठ वाढली. प्यायलो. लसणाची चव लागली नाही, मिठाची नाही. मग खांद्यावर हात आला, आणि मालक मला बांधावर घेऊन गेला.

"आता दोघांचंच दुकान," तो म्हणाला. "तू आणि मी. ड्रायव्हर मेहुण्याकडं परत चाललाय." मग ज्वारीचं एक पान ओढून तोडलं. "मामांना सांगायची हिंमत होईना मला. मिसरूड फुटायच्या आधी मी त्यांच्या सायकलीवर बसून वसुलीला जायचो रं. तू सांग."

आणि त्यानं तांब्या माझ्या हातात दिला.

तुम्हाला वाटेल, मी सुटलो. मलाही पाऊलभर तसं वाटलं. मग मी कोपीकडं वळलो आणि मामांनी मला बघितलं. आधी माझं तोंड, मग तांब्या. ते उठले. चप्पल न घालता सरळ ज्वारीत शिरले आणि झपाझप चालायला लागले. मी मागं. हाक मारायची तर काय म्हणून मारू? ज्वारीची ताटं अंगावर सपसप बसत होती, आंबील सांडत होती. येळवसेला आंबील शिंपडत शेताला फेरा मारायचीच रीत आहे, त्यामुळं लोकांना वाटलं आम्ही फेरा घेतोय. पंगतीतून बायका, पोरं, मालकसुद्धा फेऱ्याची आरोळी द्यायला लागले, "ओलगेऽ ओलगेऽ, सालम पोलगे!"

विहिरीपाशी रान संपलं. मामा थांबले. भाता चालावा तसा श्वास.

"किती पळवतोस रं म्हाताऱ्याला," ते म्हणाले आणि ओंजळ पुढं केली. "वत."

मी तांब्या कलंडवला. निम्मी त्यांच्या मनगटावर गेली. उरलेली प्यायले. तोंड पुसलं. मी बोलायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. त्यांनी धोतराच्या कमरेत हात घातला, करदोड्याची गाठ नखानं सोडली आणि चाव्या रिकाम्या तांब्यात टाकल्या. "मधल्या शटरचं कुलूप वर उचलून फिरव. न्हाईतर अडकतंय."

पंगतीतला ओरडा अजून चालूच होता.