पापणीआडचा रंग

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. बदनापूरजवळच्या एका वाडीत आबारावांच्या सुनेची सातव्या महिन्याची ओटी भरायची होती. मी तेव्हा तमाशाच्या फडात होते. डोहाळे गायला मला बोलावलं आणि ओसरीच्या कडेला बसवलं.

सून जयवंता पाटावर बसली होती. सासू सोनूबाई फुलून गेली होती.

"कशी उजळलीय बघा! चांदीवानी तोंड झालंय. पोरगाच हाय."

तोंडाला सफेदा फासून मी उमर घालवली. पांढरं आणि गोरं यातला फरक मला कळतो. माझा सूरच लागेना.

तेवढ्यात वाडीची सुईण आली. सुगंधाबाई, धनगराची, उंच आणि हाडकुळी. जयवंताची हनुवटी धरून तिनं तिला उन्हाकडं वळवलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. आतली कड सोललेल्या लसणासारखी पांढरी होती.

"चालताना दम लागतो?"

जयवंतानं मान डोलावली.

"खाती किती?"

"अर्धी भाकर," सोनूबाई म्हणाली. "तूच सांगितलं व्हतं ना? पोटभर खाल्लं की लेकरू मोठं व्हतंय अन् आडतंय!"

सगळ्या बायका सुगंधाबाईकडं पाहू लागल्या. 'मी असं म्हणलेच न्हाई,' एवढं बोलून तिला सुटता आलं असतं.

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "पंचवीस वर्सं सगळ्यांना हेच सांगत आले. मागल्या साली कचरूची दुर्गा बाळंतपणात माझ्या हातात गेली. रगत काही लई गेलं न्हवतं, पण तिच्यात तेवढंबी न्हवतं. जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं मला इचारलं, 'तिची पापणी पाह्यली व्हती का?' मी कधीच कुणाची पाह्यली न्हवती."

कचरूची आई नंदाबाई तिथंच बसली होती. ती ताडकन उठली. "मंग माझी सून तू मारली म्हन की!"

"म्हन. पण हिला वाचवू दे."

"हात लावू नको माझ्या सुनेला!" सोनूबाई ओरडली. "दुसरी सुईण आनते मी."

"खुशाल आन. पण आधी तुझी पापणी बघ अन् हिची बघ."

माझ्या पिशवीत आरसा होता. मी तो पुढं केला. सोनूबाईनं आपली पापणी ओढली. आत लालभडक. मग तिनं सुनेची ओढली, दुसऱ्या डोळ्याचीही ओढली. ओटीच्या जेवणाचं पानात वाढलेलं सगळं तिनं जयवंतापुढं सरकवलं.

"खा. समदं खा."

दुसऱ्या दिवसापासून जयवंताला पोटभर भाकर, राजगिऱ्याची भाजी आणि तीळगूळ मिळू लागला. त्या घरात बकऱ्याची कलेजी फक्त गड्यांच्या ताटात पडायची, ती तिच्या ताटात आली. दवाखान्यातलं कडू औषध सुगंधाबाई स्वतः आणायची आणि समोर बसून पाजायची. दर आठवड्याला पापणी बघायची. तिकडं नंदाबाईच्या भावकीतल्या सहा घरांनी सुगंधाबाईला बोलावणं बंद केलं. ती म्हणाली, "बराबर हाय त्यांचं."

बाळंतपणाच्या दिवशी आमचा फड बदनापुरातच होता. मी ओसरीवर बसून होते. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. आतून सुगंधाबाईचाच आवाज येत होता. "डोळं मिटू नको, जयवंते. माझ्याकडं बघ. बघ म्हणलं ना!" सोनूबाई दाराची चौकट धरून उभी होती. किती वेळ गेला, देव जाणे.

मग आतून बारीक आवाज आला. "आत्याबाई, भूक लागलीय."

सोनूबाई रडतच चुलीकडं धावली.