इंदूबाईंची सही

इंदूबाई माझ्या हातात चिमटा कधी उघडा देत नसत. आधी बंद पाकीट माझ्या नाकासमोर धरायच्या, त्यावरच्या पट्टीवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, “काळी दिसतीय नव्हं?” मी हो म्हटल्याशिवाय पाकीट फाडायचं नाही. खुर्चीत पेशंट आ वासून कळवळतोय, आणि ह्या बाईंचं हे! “दिसतंय हो, द्या लवकर!” असं मी कितीदा खेकसले असेन. त्या ढिम्म. “तोंड लोकाचं हाय म्याडम. आपलं आसतं तर म्हनले आसते, चालतंय.”

पौड रस्त्याला, कासार आंबोलीच्या फाट्याजवळ माझा दातांचा दवाखाना. मी लातूरकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले. इंदूबाई गावातल्याच. लादी पुसायला म्हणून आल्या आणि वर्षभरात हत्यारं निर्जंतुक करायचं सगळं काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं. वाफेच्या यंत्राला त्या ‘कुकर’ म्हणत. वाफ नीट लागली की पाकिटावरची पट्टी काळी पडते. त्या पट्टीवर वाफवल्याची तारीख घालून, पाकीट फोडलं की ती कापून पेशंटच्या केसपेपरला चिकटवायच्या. हे मी शिकवलं नव्हतं. “ज्याच्या तोंडात गेलं, त्याच्या कागदाव लागलं पायजे,” एवढंच त्यांचं म्हणणं. शिवाय कुकरची एक वही. रोज एक ओळ: तारीख, वेळ, तापमान आणि शेवटी गोलगोल अक्षरात ‘इंदू’. चौथीत शाळा सुटलेल्या बाईची ती एकुलती एक सही, आणि ती करताना त्या जीभ दातांत धरायच्या.

एका दिवाळीच्या आधीची गोष्ट. महाळुंग्याहून आलेल्या एका माणसाची अक्कलदाढ मी काढली होती. त्याचा गाल सुजला आणि त्यानं थेट तक्रार ठोकली, की इथली हत्यारं अस्वच्छ आहेत. दुपारी आरोग्य खात्यातून फोन आला, उद्या अकराला तपासणी. तक्रार खरी ठरली तर नोंदणी रद्द, म्हणजे दवाखान्याला कुलूप.

इंदूबाई भातकाढणीला रजेवर होत्या. मी वही काढली, त्या माणसाची तारीख शोधली. नेमकी त्याच तारखेची ओळ कोरी! बाई विसरल्या, मी म्हटलं, अकरा वर्षांत एकदाच विसरल्या आणि माझ्या मुळावर आल्या. फोन करता आला असता. शेत दहा मिनिटांवर होतं, उठून जाताही आलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला सरळ वाट दिसत नाही हेच खरं. मी पेन घेतलं, वेळ लिहिली, तापमान लिहिलं आणि पुढे ‘इंदू’ अशी सही केली. हुबेहूब जमली. जमली म्हणून मला बरंही वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते.

सकाळी अधिकारी आले ते अर्धा तास आधीच. बारीक, अबोल माणूस. इंदूबाई रजा संपवून त्यांच्या मागोमाग आत आल्या, हातावर भाताच्या पात्यांचे ओरखडे घेऊन. त्यांना बाजूला घेऊन दोन शब्द सांगायची सोयच उरली नाही. साहेबांनी कपाटं उघडली, पाकिटं उजेडात धरून पाहिली, वापरलेल्या सुयांचा डबा हलवून पाहिला.

मग त्यांनी त्या पेशंटचा केसपेपर आणि वही शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ इकडे बघ, तिकडे बघ.

“डॉक्टर, वहीप्रमाणे त्या दिवशी सकाळी नऊला यंत्र चाललंय. बाकी सगळ्या कागदांवर त्या त्या दिवसाचीच पट्टी आहे, मग ही दाढ काढायला आदल्या दिवसाचं पाकीट कसं? दोन्हींतलं एक खोटं आहे. कुठलं?”

त्यांनी वही इंदूबाईंकडे फिरवली. “ही सही तुमची का?”

इंदूबाई वाकल्या. ती ओळ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. देवा, बाई ‘हो’ म्हणा, मी मनात म्हणत होते. तेवढी नीच मी त्या क्षणी होते.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी कुकर लावलाच न्हाई मी. खंडेनवमी हुती. हत्याराची पूजा आसतीया, त्या दिशी मशीनला इसावा. हार घातलाय त्येला, हळदकुकू लावलंय. पन दुखनं काय नवमी बघून येतंय व्हय? म्हून अष्टमीलाच दुप्पट पाकिटं वाफवून ठिवली हुती. दर सालची रीत हाय ती. वळ म्हून कोरी सोडली.”

दरवर्षी त्या पूजेचा पेढा मी खात होते की! वहीतली तारीख इंग्रजी आणि नवमी पंचांगातली, दोन्हींची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नव्हती.

“मग सही कुणाची?” साहेबांचा आवाज चढला.

“ज्यांनी केली त्येच सांगतील,” इंदूबाई म्हणाल्या आणि ओल्या फडक्यानं आधीच स्वच्छ असलेला ट्रे पुसायला लागल्या.

“मी केली,” मी म्हटलं.

साहेबांनी केसपेपर पुन्हा उचलला. पट्टी काळी होती, तारीख अष्टमीची होती. खाली माझ्याच अक्षरात नोंद होती, की पेशंट दुसऱ्या दिवशी तंबाखूचा बार भरून आला. “ह्या पट्टीनं तुमचा दवाखाना वाचवला,” ते म्हणाले. “ओळ कोरी असती तर मी चहा घेऊन गेलो असतो. आता खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद द्यावी लागेल.” ताकीद आली, नोंदणी राहिली.

इंदूबाईंनी तो महिना पुरा केला, नव्या बाईला सगळं शिकवलं आणि चावी टेबलावर ठेवली. भांडल्या नाहीत, तेच मला सोसेना. चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले, पाया पडायच्या बेतानं. त्यांनी पाट दिला, चहा टाकला. मी सगळं बोलले, की चुकले, घाबरले होते, परत या.

“राग न्हाई म्याडम,” त्या अखेर म्हणाल्या. “तुमी भ्यालात, मानूस भितंया. दात दुकला तर तुमच्याकडंच येनार मी. पन काम न्हाई करायची. रस्त्याकडंची जमीन दिरांनी इकली, मला कुनी इचारलं न्हाई. पुढचं घर भाड्यानं लावलं, मला कुनी इचारलं न्हाई. माझं म्हून एक नाव ऱ्हायलं हुतं, त्ये बी तुमी न इचारता घेतलं.”

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

“च्या घ्या,” त्या म्हणाल्या, “गार व्हतुया.”